अंगणातला जोड

त्या वक्ताले घरात आम्ही तिघं होतो. आमचे हे, म्हणजे पोरींचे बाबा, समोरच्या खोलीत खाटेवर. मी. अन् लहानी पोरगी प्रतिभा, तिले आम्ही प्रती म्हणतो. थोरली संगी अमेरिकेत होती, पण दर रविवारी सकाळी नऊ वाजता टेबलावरच्या कंप्युटरमधी येऊन बसे, म्हणून तिलेबी मी हजरच धरते. शेजारची कुसुमबाई दिवसातून चारदा येत होती, तिले अर्धी धरा. अन् टेलिफोनचा लाइनमन एक-दोनदा आलता. एवढेच. यातले दोघं आता नाईत.

माह्या पोरपणाचं मागच्या पानांत लिहून झालं. लोकं म्हणते माणूस वीस-बावीसपर्यंत काय मोठं व्हायचं ते होते. मी तवा अठ्ठेचाळीसची होती, केस पिकायले लागलते, एका पोरीचं लग्न झालतं, तरी माहं थोडं मोठं होणं बाकी होतं. ते त्या एका पंधरवड्यात झालं. म्हणून हे इथंच लिहिते.

घर वर्ध्याजवळ नालवाडीले, एकदम शेवटच्या गल्लीत. तवा तिकडं निम्मे प्लॉट रिकामेच होते, तरोटा अन् काँग्रेस गवत माजलेलं. आमच्या दोन खोल्या, मागं मोरी, समोर मातीचं आंगण, आंगणात तुळशीचा ओटा. हे पुलगावले मिलमधी फिटर होते. सकाळच्या गाडीनं जात अन् सांजच्या गाडीनं येत. डब्ब्यात तीन पोळ्या, एक कांदा, अन् तिखट-तेल. हातात कला होती बाप्पा. कुकरची शिटी, गल्लीतल्या लोकायचे मिक्सर, कुसुमबाईच्या दाराची कडी, सगळं तेच दुरुस्त करत. कोणाले विचारत नाई, कोणाले सांगत नाई. मोडलेली वस्तू उचलली, आंगणात बसले, झाली. मी विचारलं काय झालतं तिले, त म्हणत, "काई नाई, जराशी रुसली होती."

फोन आला तवा खांबावरून घरापर्यंत वायर हवेतून आलती. अन् आमच्याकडं माकडं लय. काळ्या तोंडाची ती लांब शेपटीची माकडं कवठाच्या झाडावरून वायरवर उडी मारत, झोका घेत, अन् फोन बंद. असं दोन-तीनदा झालं. मंग मी एकदा चार दिवस माहेरी गेलती, आली त काय पाह्यते, खांबावरून वायर खाली उतरली, कुंपणापाशी जमिनीत गेली अन् सरळ खिडकीपाशी निघाली. आंगण सारवून सपाट. मी म्हटलं, "हे काय केलं?" त म्हणे, "आता माकडाच्या बापाले सापडत नाई." बस, एवढंच बोलले. मीबी पुढं विचारलं नाई. तवा विचारलं असतं त पुढचं काही झालंच नसतं. पण तवा कोन विचारते.

संगीचं लग्न झालं, जावई कंप्युटरच्या नोकरीवर तिकडं गेले, संगी संग गेली. एका वर्षानं वापस येईन म्हणे. ते वर्ष लांबत गेलं. तिचे काही कागदं अडकले होते. तिथून निघाली त परत तिथं आत येता येत नाई, असं म्हणत. मले त्यातलं समजत नाई, आताबी नाई. एवढं समजलं का पोरगी दारात उभी राहून आत येऊ शकते ना बाहेर जाऊ शकते, अशी झाली.

तिसऱ्या वर्षी इकडं आमच्या यायले लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय अन् वाचा. सगळं समजे, आपण बोललेलं सगळं ऐकू ये, पण तोंडातून शब्द निघत नाई. तोंड एका बाजूले ओढलेलं. खांद्यावर टॉवेल ठेवावा लागे, लाळ पुसायले. ज्या माणसाचे हात कधी थांबले नाईत तो खाटेवर डाव्या हातात काठी धरून छताकडं पाहून राह्यला. संगीले मी फोनवर सांगतलं, "बाबाले जरासा झटका आलता, आता बरे हायत, हिंडतात-फिरतात." प्रती माह्याकडं पाहूनच राह्यली. फोन ठेवल्यावर म्हणे, "आई, खोटं काऊन बोलली?" मी म्हटलं, "मंग काय तिले तिथं रडवू? ती सगळं सोडून पळत येईन, अन् मंग वापस जाता नाई आलं त तिच्या संसाराचं काय?" खाटेवरून यायनं डावा हात हलवला, म्हणजे बरोबर हाय, सांगू नको. दोघायचं मत एक होतं म्हणून मी ते खोटं चालू ठेवलं.

कंप्युटर जावयानं घेऊन देल्ला. प्रतीनं वर्ध्याले कोर्स केलता, तिले सगळं समजे. दारासमोर टेबल मांडलं. टेलिफोनची वायर एका छोट्या डब्ब्यात जाये, डब्ब्यातून निळी वायर कंप्युटरच्या पाठीत. डब्ब्यावर चार दिवे. त्यातला एक हिरवा दिवा थिर राह्यला त इंटरनेट बरं, लुकलुक करून राह्यला त गेलं. कंप्युटरवर एक काळा डोळा बसवलता. त्यात आम्ही दिसत, आमच्यामागं दार, दारातून आंगण, तुळस, कुंपण. संगी म्हणे, "आई, दार बंद करू नको, मले आंगण पाहू दे."

म्हणून रविवारी मी पाचलाच उठे. शेणाचा सडा. एरवी एक बादली, रविवारी दोन. चांगलं भिजवून, एकसारखं, कुठं कोरडं राहू नाई दे. तुळशीले दोन गडू पाणी. ओट्यासमोर रांगोळी, ठिपक्यायची, मोठी. मंग आंघोळ, इस्तरीचं पातळ. मंग मुंगवडीची भाजी टाकायची, कारण संगीले ती आवडे. नऊ वाजता वाटी घेऊन कंप्युटरसमोर बसायची, वाटी डोळ्यापाशी न्यायची, अन् तिकडून संगी म्हणे, "आई, वाफ दिसून राह्यली का ती?" अन् बस. एवढ्यावर ती तुटे.

तुटे म्हणजे काय, ज्यायनं पाह्यलं नाई त्यायले सांगते. तिचं तोंड अर्धं उघडं, तसंच थांबून जाये. मंग चेहऱ्याचे चौकोन होत, गोधडीले लावलेल्या तुकड्यावानी. कपाळ एकीकडं, हनुवटी एकीकडं. आवाज विहिरीतून आल्यावानी, "आ... आ... ऐकू..." मंग गप. प्रती डब्बा बंद करे, चालू करे, दिवा लुकलुक करे. पुन्हा संगी ये, पुन्हा दोन शब्द, पुन्हा चौकोन. तिथं शनिवारची सांज, तेवढाच तिले वेळ. रविवारी ती दुकानात कामाले जाये. इथं आमच्याकडं दुपारपासून लोडशेडिंग. नऊ ते दहा एवढाच काय तो तास, अन् तो असा जाये.

पण खरं लिहायचं म्हणून बसली त हेबी लिहिते. "बाबाले दाखव" म्हटल्यावर प्रती डोळा खाटेकडं फिरवे, अन् त्या चौकोनात सगळ्यायचंच तोंड वाकडं दिसे. संगी म्हणे, "बाबा, बरे दिसून राह्यले." हे डावा हात वर करत. मले आतून सुटल्यावानी होये. पोरीचं तोंड पाहाले जीव तुटे, अन् तिनं आमचं पाहू नाई म्हणूनबी जीव तुटे. दोन्ही एकाच वेळी.

एक दिवस औषधाच्या वक्ताले यायनं माह्या हाताले धरलं. कंप्युटरकडं काठी दाखवली, मंग भिंतीवरच्या संगीच्या लग्नाच्या फोटोकडं, मंग स्वतःच्या डोळ्याले बोट लावलं. मले पाहाची हाय तिले. धड पाहाची हाय. मी म्हटलं, "दाखवतो न." त्यायनं हात सोडला नाई. डॉक्टरनं मले बाजूले घेऊन जे सांगतलं होतं ते यायले कोणी सांगतलं नव्हतं, पण माणसाले आपलं आपल्याले समजते. त्या दिवशी मी ठरवलं, काही होवो, पोरीचा चेहरा यायले एकदा पुरा दाखवायचा. मंग तिकडून जे दिसंन ते दिसंन.

प्रतीनं काय काय नाई केलं. निळी वायर बदलली. कंप्युटरमधी किडे शिरले म्हणे, ते औषध टाकून काढले. टेलिफोन काढून ठेवला, फक्त डब्बाच लावला. डब्बा दुसरा आणून पाह्यला. तरी सकाळी तेच. कुसुमबाई दारात उभी राहून म्हणे, "त्या डब्ब्यावर लिंबू-मिरची बांध वो वनिताबाई. कोनाची तरी नजर हाय."

प्रती म्हणे, "काकू, तुम्हीच दिवसातून चारदा पाहता त्याले."

"माही नजर चांगली हाय. म्हशी दूध जास्त देतात माह्या नजरेनं."

लाइनमन आला तो दुपारी चार वाजता, गेलेली वीज आल्यावर. खांबावर चढला, आपला फोन लावला, कानाले लावून ऐकला. मंग घरात येऊन डब्बा पाह्यला. दिवा थिर. प्रतीनं चालवून दाखवलं त इंटरनेट धावून राह्यलं. तो म्हणे, "मावशी, काई खराबी नाई. एकदम ओके हाय."

मी म्हटलं, "सकाळी या न भाऊ, सकाळी तुटते."

"सकाळी काय अन् दुपारी काय, वायर तीच हाय. मधी कुठं जोड-बिड हाय का? खांबापासून इथपर्यंत?"

मी म्हटलं, "नाई, जोड नाई. सरळ वायर हाय, जमिनीतून पाइपात."

खाटेवरून काठी आपटली. ठक, ठक, ठक. हे दाराकडं हात करून राह्यलते, डोळे मोठे करून. मले वाटलं बाहेर बसायचं हाय. मी अन् लाइनमननं दोघायनं धरून आंगणात खुर्चीवर बसवलं. त त्यायनं काठी तुळशीच्या ओट्यापाशी जमिनीवर मारली. पुन्हा मारली. मी म्हटलं, "काऊन रागावता? पाणी पायजे का?" पाणी देल्लं त गडू ढकलून देल्ला. सगळं पाणी तिथंच सांडलं. लाइनमन बिचारा म्हणे, "आजारी माणूस हाय मावशी, चिडचिड होते." अन् गेला.

आज तो गडू आठवला का हाताले काम सुचत नाई. माणूस बरोबर जागेवर काठी मारून सांगून राह्यला, अन् मी त्याले तहान लागली समजते.

मंग चतुर्थी आली. कुसुमबाई म्हणे, "चल केळझरले, गणपतीले साकडं घाल." पहिल्या एसटीनं जायचं म्हणून अंधारातच निघालो. सडा नाई, तुळशीले पाणी नाई. प्रतीले म्हटलं तू टाकजो, तिनं हो म्हटलं अन् झोपली. डोंगरावर दर्शन झालं, प्रसादाचे फुटाणे घेतले, दहा-साडेदहाले वापस आलो. प्रती दारातच उभी.

"आई, आज सकाळपासून झकास चालून राह्यलं. एकदाबी तुटलं नाई!"

कुसुमबाईनं तिथंच हात जोडले. "पाह्यलं? पावला न? अन् तू लिंबाले नाई म्हणत होती."

मलेबी खरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी मी आनंदानं उठली, देवाचं नाव घेतलं, दोन बादल्या सडा टाकला, तुळशीले पाणी घातलं. आठ वाजता दिवा लुकलुक. प्रती कपाळाले हात लावून म्हणे, "आई, तू घराबाहेर गेली का नेट चालते. तुलेच केळझरले ठेवून येते."

गंमत होती ती. पण मले लागली. दिवसभर तेच डोक्यात. मी नव्हती त चाललं. मी असली का तुटते. मंग मी घरात काय करते जे प्रती करत नाई? दुपारी फोन उचलून कानाले लावला. ऊंऽऽ असा एकसारखा आवाज, सरळ. दुसऱ्या दिवशी सकाळी सडा टाकून झाल्यावर पुन्हा कानाले लावला. आता त्या ऊंऽऽ मधी खरखर होती. बारीक, दाणेदार. अन् मले एकदम भुलाबाई आठवली.

आमच्याकडं आश्विनात पोरी भुलाबाई बसवतात. रोज सांजच्याले घरोघरी जाऊन गाणे म्हणायचे, टिपऱ्या खेळायच्या, अन् शेवटी खिरापत. खिरापत अशी मिळत नाई. घरची बाई डब्बा झाकून आणे, कानापाशी वाजवे, अन् आपण ओळखायचं आत काय हाय. ओळखली त खायले मिळे. मी चौथी शिकली, हिशेबात कच्ची, पण खिरापत ओळखायले मले कोनी हरवलं नाई. लाह्या वाजतच नाईत, नुसत्या सरकतात. फुटाणे ठणठण करतात. शेंगदाणे बोथट. ओले झालेले मुरमुरे खरखर करतात, कोरडे सरसर. ती खरखर ओलीची होती. फोनच्या आत ओल बोलून राह्यली होती.

मी प्रतीले हाक मारली. "हे कानाले लाव अन् उभी राह्य. मी जिथं पाणी टाकते तिथं सांग."

"आई, काय करून राह्यली तू?"

"लाव म्हटलं न."

आंगण उन्हानं वाळल्यावर मी गडू घेऊन कुंपणापासून सुरू केलं. थोडं पाणी टाकलं. "आता?" "नाई." दोन पावलं पुढं. "आता?" "काईच नाई." खिडकीपाशी. "आता?" "नाई वो आई, सरळ आवाज हाय." मंग तुळशीच्या ओट्याखाली, जिथं रोज गडूभर पाणी सांडते अन् सडाही तिथंच जास्त होये. टाकलं. थांबली. प्रती कान लावून उभी. मंग ओरडली, "आई! आई, वाजलं! खरखर वाजली!"

अन् दारातून हसण्यावानी आवाज आला. हे खाटेवरून पाहून राह्यलते. वाकड्या तोंडानं हसत होते अन् डोळ्यातून पाणी वाहत होतं. काठी जमिनीवर ठक, ठक, ठक. तवा मले समजलं.

मी त्यायच्यापाशी गेली. म्हटलं, "तुमाले माहीत होतं?" मान हलवली. हो. "त्या दिवशी काठी मारून हेच सांगून राह्यले होते?" हो. मी खाली बसली. मले वाटलं रडावं, पण काम बाकी होतं. खुरपं घेतलं.

हातभर खंदलं त काळा पाइप लागला. ओट्यापाशी पाइप संपे अन् दुसरा सुरू होये. वायर कमी पडली असंन, म्हणून मधी जोड मारलेला. तारा पिळून वर काळी पट्टी, अन् त्यावर पाणी शिरू नाई म्हणून प्लास्टिकची पन्नी गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली. पन्नी मी उजेडात धरली. खर्र्याची पन्नी होती, सुपारी-तंबाखू घोटून ज्याच्यात देतात ती. अन् हे गाडलं त्याच्या वर्षभर आधी यायनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खर्रा सोडलता.

मी पन्नी घेऊन खाटेपाशी गेली. "हे काय हाय?"

यायनं डोळे मिटून घेतले, झोपल्याचं सोंग.

"म्हणजे तवाबी खातच होते. मी माहेरी गेली का आंगणात बसून खर्रा अन् जोड, दोन्ही लपवलं!"

प्रती हसून हसून भिंतीले टेकली. एक डोळा उघडून यायनं पाह्यलं, मंग तेबी हसले. लकवा मारल्यापासून आमच्या घरात असं हसणं झालं नव्हतं.

लाइनमनले फोन केला. तो म्हणे सोमवारी अखंड वायर घेऊन येतो, तोवर जोड कोरडा ठेवा, पाण्याचा थेंब नाई. प्रतीनं तारा पुसल्या, घासल्या, नव्यानं पिळल्या, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, अन् जोड खड्ड्यातून वर काढून विटेवर ठेवला. खड्डा तसाच उघडा. त्या शनिवारी सडा नाई, रांगोळी नाई. आठ वाजता कुसुमबाई धावत आली, पदर तोंडाले लावून.

"वनिताबाई, काय झालं वो? कवा झालं?"

"काय कवा झालं?"

"सडा नाई, रांगोळी नाई. मले वाटलं..." अन् तिनं आत खाटेकडं पाह्यलं. हे चहा पीत होते. "अगं बाई! जिवंत हायत!"

आमच्यात घरात कोणी गेलं का सुतक असेपर्यंत आंगणात सडा पडत नाई, रांगोळी पडत नाई. रस्त्यानं जाणाऱ्यालेबी समजते. मी तिले खड्डा दाखवला, ती स्वतःलेच दोन शिव्या देऊन गेली. आम्ही हसलो. एवढं झालं तरी मले पुढचं सुचलं नाई.

रविवारी यायले मी आंघोळ घातली, दाढी करून देल्ली, पांढरा सदरा घातला. नऊ वाजता हिरवा दिवा थिर होता, भिंतीवर ठोकल्यावानी. संगी आली.

काय सांगू. चार वर्षांनी मी माही पोरगी धड पाह्यली. भांगापाशी दोन पांढरे केस. चष्मा लागलता, आमाले सांगतलं नव्हतं. गालाची हाडं वर आलेली. तीबी आमाले म्हणत होती, मजेत हाय. तिच्यामागं फळीवर मी देल्लेला स्टीलचा डब्बा होता. मी तिले पाहून राह्यली अन् ती माह्याकडं पाहतच नव्हती. माह्या खांद्यावरून मागं पाहून राह्यली होती.

"आई, आंगण असं काऊन हाय?"

मले कळलंच नाई.

"सडा नाई. रांगोळी नाई. तो खड्डा कायचा हाय? आई, बाबा कुठं हायत? आई, खरं सांग, बाबा कुठं हायत?"

"हायत बाई, हे काय इथं हायत," मी म्हटलं, अन् प्रतीनं डोळा खाटेकडं फिरवला.

आता चौकोन नव्हते. ओढलेलं तोंड, खांद्यावरचा टॉवेल, मांडीवर पडलेला उजवा हात, सगळं होतं तसं गेलं तिच्यापर्यंत. संगीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.  मंग ती म्हणे, "आई, तू त म्हटलं होतं हिंडतात-फिरतात."

"म्हटलं होतं."

"दर रविवारी म्हटलं होतं."

"हो."

  ती रडून राह्यली होती अन् ते रडणंबी स्वच्छ ऐकू येत होतं, नाक ओढणंसुद्धा.

तवा यायनं प्रतीले काठीनं खुणावलं. खाटेच्या उशाशी छोटा डब्बा होता, केळझरच्या प्रसादाचा. तो मागितला. प्रतीले वाटलं खायचं हाय, ती झाकण उघडायले लागली, त्यायनं हातावर मारलं. बंद डब्बा डाव्या हातात घेतला, कंप्युटरकडं वाकले, अन् वाजवला.

संगीचं रडणं एकदम थांबलं.

संगीच्या लहानपणी भुलाबाईच्या दिवसात हे पुलगावहून येताना रोज नवी खिरापत आणत, अन् कुलूप लावल्यावानी डब्बा छातीशी धरून पोरीच्या कानाशी वाजवत. तिनं ओळखल्याबिगर झाकण उघडत नसत.

त्यायनं पुन्हा वाजवला. तिकडं संगीनं चष्मा काढून डोळे पुसले. म्हणे, "शेंगदाणे?"

यायनं मान हलवली. नाई. वाजवला.

"लाह्या."

नाई.

"खारका? ... खोबऱ्याचे तुकडे?"

नाई, नाई. हे हसत होते. हात थकला त डब्बा मांडीवर टेकवत, पुन्हा उचलत. मी पाहून राह्यली. खोबरं कसं वाजते ते माह्या पोरीले माहीत नाई असं होते का? फुटाण्याची ठणठण त आंधळ्यालेबी समजे. ती मुद्दाम चुकत होती. ओळखलं असतं त झाकण उघडलं असतं, अन् खेळ संपला असता. दहा वाजेपर्यंत ती चुकत राह्यली. बत्तासे, चारोळ्या, साखर, गहू, पोहे. जितकं म्हणून डब्ब्यात मावते ते सगळं तिनं सांगतलं, फुटाणे तेवढे नाई. शेवटी यायनं हात वर केला, जाय आता. अन् डब्बा तसाच बंद उशाशी ठेवला.

सोमवारी लाइनमन आला. नवी वायर तुळशीपासून दूर, कुंपणाच्या कडेनं नेली, एकही जोड नाई. हे खुर्चीवर बसून काठीनं जागा दाखवत होते अन् तो "हो काका, हो काका" करत खंदून राह्यला. त्यानंतर सात रविवार मिळाले. सातही रविवार सडा होता, रांगोळी होती, अन् संगी तुटली नाई. आठव्या रविवारी आंगण कोरडं होतं. संगीले शुक्रवारीच फोन केलता. ती कंप्युटरवर आली, माह्या मागं आंगणात पाह्यलं, अन् यावेळी काही विचारलं नाई. तिचे कागदं त्यानंतर लय महिन्यानं झाले. आली तवा पहिले तुळशीपाशी जाऊन बसली, अन् मंग उशाशी ठेवलेला तो डब्बा मागितला. मी तसाच ठेवलता. तिनं कानाशी धरून वाजवला, अन् म्हणे, "फुटाणे."

कुसुमबाईबी मंग गेली. आता प्रतीच्या घरी वायरच नाई, सगळं हवेतून येते. मी तिच्याकडंच राह्यते. सकाळी फरशी पुसून घेते, बादलीभर पाणी लागते, कोनी तुटत नाई. तरी पाणी टाकताना हात जरासा थांबते.

ज्यायनं कोनी हे वाचलं असंन त्यायले माहं एकच सांगणं हाय. घरात कुठं वायर गाडली, नळ गाडला, काही जोडलं असंन, त त्याचा जोड कुठं हाय ते घरच्यायले दाखवून ठेवजा. बोलता येते तवाच सांगजा. अन् तुमच्या घरी कोनी बोलत नाई असं माणूस काठी आपटत असंन, त पाणी देण्याच्या आधी ते कुठं आपटून राह्यलं ते एकदा वाकून पाह्यजा.